थंडीत सुरू न होणारी जुनी डिझेल गाडी: हीटर प्लग तपासणं, काढणं आणि बसवणं

प्रश्न थोडक्यात असा: चार सिलिंडरची जुनी डिझेल गाडी थंड सकाळी दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही. सुरू झाली की मिनिटभर थडथडते आणि मागून पांढरट धूर सोडते. एकदा तापली की दिवसभर चावी फिरवताच सुरू होते. चारही हीटर प्लग, म्हणजेच ग्लो प्लग, बदलले तर हा त्रास जाईल का, आणि हे काम घरी करता येईल का?

लक्षणं पाहता दोष प्लगचा किंवा त्यांना करंट देणाऱ्या रिलेचा असण्याची शक्यता सर्वांत मोठी आहे. काम घरी होतं. पण आधी मोजायचं आणि मगच पाना उचलायचा. नवा प्लग बसवायला पाच मिनिटं पुरतात. जुना काढताना तो हेडमध्ये तुटला, तर मात्र प्रकरण हेड उतरवण्यापर्यंत जाऊ शकतं. म्हणून या उत्तरात बसवण्यापेक्षा तपासण्यावर आणि काढण्यावर जास्त भर आहे.

आधी धूर बघा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला तिच्या मूळ जागेच्या साधारण विसाव्या हिश्शात दाबतो. त्या दाबाने हवा तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. त्यासाठी हवा २५० अंश सेल्सिअसच्या बरीच वर जावी लागते. इंजिन गार असलं की ही उष्णता हेड आणि सिलिंडरच्या भिंती शोषून घेतात. सेल्फ हळू फिरत असेल तर दाबलेल्या हवेला रिंगांच्या फटीतून निसटायलाही जास्त वेळ मिळतो. हीटर प्लग एवढंच करतो की जिथे फवारा येतो तिथे ८५० ते १००० अंशांचं एक लालबुंद टोक ठेवतो, म्हणजे कमी पडलेली उष्णता तिथून मिळते.

तुमचं इंजिन कोणत्या जातीचं आहे यावर बरंच काही ठरतं. ज्या हेडमध्ये फवाऱ्यासाठी वेगळा छोटा कक्ष असतो, ती जुनी प्रीचेंबरची इंजिनं साध्या गारव्यातही प्लगशिवाय अडतात. त्या कक्षाच्या भिंती आतल्या हवेच्या मानाने मोठ्या असतात आणि उष्णता झपाट्याने ओढतात. थेट पिस्टनच्या माथ्यावर फवारणारी इंजिनं, आणि सगळी कॉमन रेल इंजिनं (एका समाईक नळीतून सगळ्या नोझलांना उच्च दाबाने डिझेल देणारी) यातच येतात, बहुधा ५ अंशांच्या आसपासपर्यंत प्लग मेलेले असतानाही सुरू होतात. त्यामुळे कॉमन रेल गाडी २० अंशांना सकाळी सुरू होत नसेल तर प्लगवर संशय घेऊ नका. उलट अशा गाडीत दोन-तीन प्लग केव्हाचे गेलेले असतात आणि पहिली खरी थंडी पडेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरच्या मागे उभे राहा. सेल्फ फिरताना पांढरट-करडा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये, म्हणजे उष्णता कमी पडतेय. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाहीये आणि प्लग निर्दोष आहेत. गाडी लगेच सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडते आणि मग कितीतरी वेळ सेल्फ खाते, तर लाइनमध्ये हवा आहे. सेल्फच ओढत-ओढत फिरत असेल तर बॅटरी, केबल किंवा सेल्फ. आणि इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, सोबत रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर ती हेड गॅस्केटची तक्रार असू शकते. तिचा या कामाशी संबंध नाही.

हत्यार न लावता दोन परीक्षा घेता येतात. एका सकाळी चावी ऑन करा, डॅशबोर्डवरचा पिवळा वेटोळ्याचा दिवा विझू द्या, चावी बंद करा, पुन्हा ऑन. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. फरक स्पष्ट जाणवला तर उष्णता कमी पडत होती. दुसऱ्या सकाळी चावीची ही युक्ती न करता, डिझेल फिल्टरवरचा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबा आणि नेहमीसारखी गाडी सुरू करा. आता सुधारली तर रात्रीत डिझेल मागे उतरतंय. दोन्ही परीक्षा एकाच सकाळी घेऊ नका, कारण मग कशामुळे गुण आला ते कळणार नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. हीटर प्लग असलेल्या इंजिनात एअर फिल्टरमधून ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नका. लाल झालेल्या टोकावर तो वेळेआधीच भडकतो आणि पिस्टन वर येत असतानाच स्फोट होतो. पिस्टनच्या रिंगा आणि त्यांच्या खाचा तुटतात, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो.

करंट पोचतोय का

डॅशबोर्डवरचा दिवा प्लग तापल्याची पावती देत नाही. जुन्या गाड्यांत तो फक्त टायमरचा दिवा असतो. चारही प्लग मेलेले असले तरी ठरलेल्या वेळी पेटतो आणि ठरलेल्या वेळी विझतो. शिवाय अनेक गाड्यांत दिवा विझल्यावर आणि इंजिन सुरू झाल्यावरही प्लग काही काळ, कधी दोन-तीन मिनिटांपर्यंत, चालूच असतात. सुरुवातीची थडथड आणि धूर कमी करण्यासाठी ही सोय असते. म्हणून "सुरू होते पण मिनिटभर थरथरते" हे लक्षणही प्लगकडेच बोट दाखवतं.

इंजिन गार असताना प्लगांना जोडणाऱ्या पट्टीवर मल्टिमीटरचं लाल टोक आणि इंजिनच्या उघड्या धातूवर काळं टोक ठेवा. कोणाला तरी चावी ऑन करायला सांगा. बॅटरीवर त्या क्षणी जेवढे व्होल्ट आहेत त्यापेक्षा फार तर एक व्होल्ट कमी इथे दिसायला हवा. शून्य दिसलं तर पहिला संशय ५० ते ८० अँपिअरच्या पट्टीच्या फ्यूजवर घ्या. या फ्यूजला केसासारखी चीर पडते आणि ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून फ्यूजच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज मोजा. फ्यूज ठीक असेल, रिलेला चावीकडून सिग्नल येत असेल, तरी पुढे काही जात नसेल तर रिले गेला. सिग्नलच येत नसेल तर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर पाहा. तो इंजिन गरम असल्याचं खोटं सांगत असेल तर रिलेचा कंट्रोलर प्लग चालूच करत नाही. बहुतेक जुन्या कंट्रोलरमध्ये हा सेन्सर सोडला की तो "थंडी आहे" असं धरून चालतो. सेन्सर सोडल्यावर दिवा जास्त वेळ पेटू लागला तर चोर सापडला.

पट्टीवर नऊ-साडेनऊ व्होल्टच दिसत असतील तर कुठेतरी गंजलेला जोड आहे. बऱ्याचदा पट्टीचे नटच हिरवट पडलेले असतात. असे जोड साफ केले एवढ्यावरच सुटलेल्या तक्रारी पुष्कळ असतात, त्यामुळे हा टप्पा गाळू नका.

व्होल्टेज पोचतं म्हणजे प्लग तो खातातच असं नाही. इथे सर्वांत उपयोगी हत्यार म्हणजे डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. प्लगच्या मुख्य वायरभोवती तो अडकवा आणि चावी ऑन करा. जुन्या १२ व्होल्टच्या प्रकारात प्रत्येक प्लग सुरुवातीला साधारण १५ ते २५ अँपिअर खातो आणि दहा-पंधरा सेकंदांत ८ ते १२ वर स्थिरावतो. म्हणजे चार प्लगांचे शेवटी ३५ ते ५० अँपिअर व्हायला हवेत. आकडा पाऊण दिसला तर एक गेला, निम्मा दिसला तर दोन. काहीही न खोलता अर्ध्या मिनिटात निकाल लागतो.

क्लॅम्प मीटर नसेल तर पट्टी काढून प्रत्येक प्लगचा रोध मोजा. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून आधी वायरींचाच रोध पाहा, तो ०.२-०.३ ओहम असतो, आणि तेवढा वजा करा. १२ व्होल्टचा चांगला प्लग थंड असताना साधारण ०.५ ते १.५ ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली. साधा मीटर एवढ्या लहान रोधात अचूक नसतो, म्हणून आकड्यापेक्षा चारांतला वेगळा कोण ते बघा. बॅटरीच्या प्लसपासून प्लगच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावण्याची जुनी पद्धतही चालते, पण दिवा पेटला म्हणजे तार तुटलेली नाही एवढंच कळतं. टोक लाल होतंय का, हे तो सांगत नाही.

मोजण्याआधी प्लगच्या अंगावर छापलेलं व्होल्टेज वाचा. अलीकडच्या इंजिनांत ४.४, ५ किंवा ७ व्होल्टचे प्लग असतात आणि कंट्रोल युनिट त्यांना बॅटरीचं व्होल्टेज तुकड्या-तुकड्यांनी देतं. अशा प्लगला तपासायला थेट बॅटरी लावली तर काही सेकंदांत तो जळतो. फार जुन्या काही गाड्यांत उघड्या तारेच्या वेटोळ्याचे, एक-दोन व्होल्टचे प्लग एकामागोमाग सिरीजमध्ये जोडलेले असतात. तिथे एक तुटला की सगळेच बंद पडतात.

काढणं

चारातला एक गेला असेल तर चारही बदलावेत असं म्हणतात, आणि एकाच वयाचे असल्याने ते बरोबरच आहे. मात्र त्यात एक अट घाला: जे सुखासुखी निघतात ते बदला. विजेच्या तपासणीत चांगला ठरलेला एखादा प्लग जागचा हलत नसेल तर त्याला तसाच राहू द्या. केवळ संच पूर्ण करायचा म्हणून जोर लावणं हे प्लग तुटण्याचं मोठं कारण आहे.

तयारी तीन-चार दिवस आधी सुरू करा. रोज गाडी चालवून आल्यावर, इंजिन गरम असताना, प्रत्येक प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल थोडंसं मारा. इंजिन निवताना ते आट्यांत ओढलं जातं. पण त्याआधी प्लगभोवतीची माती आणि काजळी ब्रशने व हवेच्या झोताने साफ करा, नाहीतर तेलाबरोबर कचराही आत उतरेल आणि प्लग निघताच सिलिंडरमध्ये पडेल.

काढण्याच्या दिवशी इंजिन पूर्ण तापवा. अॅल्युमिनियमचं हेड पोलादी प्लगपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे आटे किंचित सैल होतात. हातमोजे घाला. बॅटरीची मायनस केबल सोडा आणि मगच पट्टीचे नट काढा. हे नट ४ किंवा ५ मिमी आट्यांचे असतात. नटाबरोबर मधली काडी फिरताना दिसली तर थांबा, कारण त्यात आतलं सील आणि इन्सुलेशन फाटतं. दाबून बसवायच्या टोप्या असतील तर त्या वायर धरून ओढू नका, टोपीच हलकी फिरवत सरळ उपसा.

सॉकेट खोल हवं आणि हेक्सवर पूर्ण बसणारं हवं. मापं बहुधा ८, ९, १० किंवा १२ मिमी. मध्ये वाकणारा जोड शक्यतो टाळा, कारण तिरका जोर लागला की प्लगची मान तुटते. लांब दांडीचा पाना तर नकोच, त्यात हाताला जोराचा अंदाज राहत नाही. टॉर्क पाना उलट्या दिशेनेही टिक करणारा असावा. पुष्कळ टॉर्क पाने फक्त आवळतानाच काम करतात आणि सोडताना साध्या पान्यासारखे वागतात, हे वापरण्याआधी एखाद्या दुसऱ्या नटावर खात्री करून घ्या.

सोडताना ओलांडायची नाही अशी हद्द आट्यांच्या मापावर ठरते. एम ८ च्या, म्हणजे ८ मिमी आट्यांच्या, प्लगला २० न्यूटन मीटर, एम ९ ला २२, एम १० ला ३५ आणि एम १२ ला ४५. याच्या पुढे प्लग तुटण्याची शक्यता त्याच्या सुटण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त होते. पान्यावर ही हद्द लावा आणि टिक झाली की थांबा, मनात कितीही आलं तरी.

हाताला कळणारा फरक लक्षात ठेवा. सुटणारा प्लग एक कोरडा "कट" आवाज करतो आणि लगेच हलका होतो. तुटू पाहणारा प्लग रबरासारखा पिळतो: पाना हलतो पण प्लग सुटल्यासारखा वाटत नाही, आणि हात सैल सोडला की पाना थोडा मागे येतो. असा पीळ जाणवला की लगेच सोडून द्या. सुटलेला प्लग अष्टमांश फेरा फिरून पुन्हा जड झाला, तर तो तसाच पुढे रेटू नका. परत आवळा, तेल टाका, पुन्हा सोडा. चरचर आवाज करत पुढे-मागे असं वीस-तीस वेळा करावं लागलं तरी चालेल. आट्यांतला कार्बन असाच दळून बाहेर येतो.

हद्दीपर्यंत जोर लावूनही प्लग हलत नसेल तर तेल टाकून गाडी पुन्हा चालवा आणि दुसऱ्या दिवशी प्रयत्न करा. प्लग १२ व्होल्टचा असेल आणि तार शाबूत असेल तर आणखी एक उपाय आहे: पाना बाजूला ठेवून त्याला बॅटरीवरून जाड वायरने, फ्यूज लावून, चार-पाच मिनिटं करंट द्या. टोकाभोवतीचा कार्बन जळून सैल होतो. कमी व्होल्टच्या प्लगवर हा प्रयोग करू नका.

आटे पूर्ण सुटले, प्लग मोकळा फिरतोय, पण बाहेर येत नाही, अशी एक फसवी अवस्था येते. तेव्हा टोकाभोवती कार्बनचा थर दगडासारखा बसलेला असतो, किंवा टोकच फुगलेलं असतं. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. तेल टाकून दोन्ही दिशांना फिरवत सरळ वर ओढा. टोक फुगलेलं असल्याचा संशय असेल तर इथे थांबून नोझल (डिझेल फवारणारा इंजेक्टर) काढणाऱ्या, खास ओढण्याची हत्यारं असलेल्या माणसाकडे काम द्या.

आणि तुटलाच तर? हेक्स तुटून आटे आत राहिले असतील तर मधली काडी काढून, बरोबर मध्यातून ड्रिल करून उरलेला भाग काढावा लागतो. त्यासाठी मार्गदर्शक बूश असलेला संच लागतो. हातात धरलेल्या ड्रिलने हेडचे आटे जातात. टोक तुटून आत पडलं असेल तर सेल्फला अजिबात हात लावू नका. प्रीचेंबरच्या इंजिनात तो तुकडा कक्षातच अडकून नोझलच्या भोकातून काढता येण्याची आशा असते. थेट फवाऱ्याच्या इंजिनात तो पिस्टनवर पडलेला असतो आणि एक फेरासुद्धा हेड, व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वाट लावू शकतो.

निघालेले प्लग फेकू नका

प्रत्येक प्लग कोणत्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा, कारण त्यांची टोकं इंजिनची हकिगत सांगतात. कोरडी पातळ काजळी असलेलं, सरळ, एकसारखं टोक म्हणजे वयाने गेलेला प्लग. त्यात काळजीचं काही नाही. टोक वितळलेलं किंवा झिजून अणकुचीदार झालं असेल तर त्या सिलिंडरचा नोझल फवारा न करता धार मारतोय किंवा पंपाचं टायमिंग पुढे आहे. नोझल न तपासता नवा प्लग बसवला तर तोही काही आठवड्यांत जाईल. टोक फुगलं, सुरकुतलं किंवा भेगाळलं असेल तर त्याला जास्त वेळ किंवा जास्त व्होल्टेज मिळालंय. रिले चिकटून राहतो का ते पाहा: इंजिन गरम होऊन दहा मिनिटं झाल्यावरही पट्टीवर व्होल्टेज दिसत असेल तर रिले बदलल्याशिवाय नवे प्लग बसवण्यात अर्थ नाही. टोकावर ओलं, चिकट तेल असेल तर त्या सिलिंडरमध्ये इंजिन ऑइल वर येतंय.

प्लग बाहेर आहेत तोवर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, मोजून घ्या. मीटर डिझेलचा, ४० बारच्या वर मोजणारा लागतो. पेट्रोलचा मीटर इथे फुटतो. मोजण्याआधी पंपाच्या सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर सोडा, म्हणजे डिझेल येणार नाही. कॉमन रेल असेल तर इंजेक्टरांची वायरिंग सोडा. प्लगची मोकळी लोंबणारी वायर टेपने गुंडाळायला विसरू नका, कारण चावी ऑन केली की तिच्यात बॅटरीचा पूर्ण करंट येतो. चांगल्या प्रीचेंबर इंजिनात आकडे साधारण २८ ते ३४ बार असतात, आणि सिलिंडर-सिलिंडरमधला फरक ५ बारच्या आत असावा. नेमकी खालची मर्यादा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असते. आकडे तिच्याखाली असतील तर नवे प्लग थंडीत मदत करतील, पण पूर्ण गुण येणार नाही.

बसवणं

भोक साफ न करता नवा प्लग घालू नका. आत कार्बनचा थर असेल तर नवं टोक त्यात घट्ट बसतं, जास्त तापतं आणि पुढच्या वेळी तुटतं. त्या प्लगच्या मापाचं रीमर (भोक खरवडून साफ करणारं हत्यार) घ्या, खाचांत जाडसर ग्रीस भरा म्हणजे खरवड त्यात चिकटेल, आणि हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवत आत न्या. बाहेर काढतानाही दिशा तीच ठेवा. दोन-तीनदा पुसून पुन्हा करा. मग सगळे प्लग बाहेर असतानाच, डिझेल बंद ठेवून, दोन-तीन सेकंद सेल्फ मारा, म्हणजे उरलेला चुरा हवेबरोबर उडून जाईल. त्या वेळी भोकांवर वाकू नका.

नवा प्लग जुन्याच्या शेजारी धरा. लांबी, टोकाची जाडी, आटे, बुडाचा शंकू आणि व्होल्टेज सगळं जुळायला हवं. आटे जुळले म्हणून भलताच प्लग बसतो, पण टोक तीन मिमी जरी जास्त बाहेर आलं तर ते थेट फवाऱ्यात सापडून जळतं आणि आखूड राहिलं तर उपयोगाचं नसतं. सिरॅमिक टोकाचे प्लग हातातून खाली पडले तर वापरू नका. त्यातली चीर दिसत नाही, आणि ते टोक नंतर आत तुटतं.

आट्यांना आणि त्याखालच्या सरळ दांड्याला उच्च तापमानाचं सिरॅमिक अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारा लेप) अगदी पातळ लावा. तापणाऱ्या टोकाला, शंकूला आणि वरच्या विजेच्या काडीला ते लागू देऊ नका. याने अर्थिंग तुटतं ही भीती निराधार आहे. आवळल्यावर शंकू आणि आटे धातूला धातू भिडतात. प्लग बोटांनीच शेवटपर्यंत फिरवा. बोटांनी जात नसेल तर आटे तिरके धरलेत किंवा भोकात कार्बन आहे. मग टॉर्क पाना: एम ८ ला १० न्यूटन मीटर, एम १० ला १५, एम १२ ला २२. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. हे आकडे हाताला हास्यास्पद वाटण्याइतके कमी आहेत, पण जास्त आवळल्याने प्लगच्या आतली फट बदलते आणि पुढे काढताना तो तुटतो. वरच्या ४ मिमीच्या नटाला २ आणि ५ मिमीच्या नटाला ३ न्यूटन मीटर बास. जोडपट्टी दोन्ही बाजूंनी घासून चकचकीत करा. इंजिन सुरू झाल्यावर प्लगच्या बुडाशी फुसफुस ऐकू आली किंवा काळं वलय उमटलं तर शंकू नीट बसलेला नाही.

शेवटी क्लॅम्प मीटरने करंट पुन्हा मोजा आणि आकडा लिहून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात तुलनेला हाच आकडा उपयोगी पडतो.

प्लग नवे, करंट बरोबर, तरी त्रास कायम

आता वेगाकडे वळा. जुन्या डिझेलला पेट घ्यायला सेल्फने निदान १५० ते २०० फेरे प्रति मिनिट मिळावे लागतात. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या खांबांवर व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी चार्ज करून पुन्हा मोजा, तरीही तसंच राहिलं तर ती बदला. बॅटरी ठीक असून सेल्फ जड असेल तर केबलवरची घट मोजा: बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आत, इंजिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.३ च्या आत. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी विशेष बघा, कारण सेल्फ आणि हीटर प्लग या दोघांचा करंट तिथूनच परततो. तिचा एक गंजलेला बोल्ट दोघांनाही एकदम अशक्त करतो. इंजिन ऑइल गरजेपेक्षा जाड असेल तरी थंडीत सेल्फ मंदावतो.

हातपंपाच्या परीक्षेत गाडी सुधारली असेल तर हवेचा माग काढा. ही गळती फसवी असते: डिझेल बाहेर सांडत नाही, रात्रभर मागे टाकीकडे उतरतं आणि त्याच्या जागी हवा शिरते, त्यामुळे गाडीखाली जमीन कोरडीच राहते. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना तात्पुरता पारदर्शक पाइप बसवा आणि सकाळी बुडबुडे कुठून पुढे दिसतात ते पाहा. जुन्या इंजिनात पहिला संशय नोझलांना जोडणाऱ्या कापडी वेष्टनाच्या बारीक रिटर्न पाइपांवर आणि शेवटच्या नोझलवरच्या छोट्या टोपीवर. मग फिल्टरची ओ-रिंग, हातपंपाचा पडदा, आणि कडक झालेल्या पाइपांवरचे क्लिप.

धूर अजिबातच नसेल तर यांत्रिक पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडवर बोट ठेवून चावी ऑन करा. "टक्" जाणवायला हवं. अशा जुन्या पंपावर नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करून डिझेल येतं का ते पाहता येतं. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि ती धार कातडी भेदून आत शिरते. तिथे सेल्फ फिरताना रेलचा दाब स्कॅनरवर बघायचा असतो. तो साधारण २०० बारपर्यंत चढत नसेल तर इंजेक्टरांची रिटर्न गळती मोजा.

बॉश व्हीई प्रकारच्या रोटरी पंपावर थंडीत टायमिंग पुढे घेणारी एक सोय असते, कुठे केबलची, कुठे मेणाच्या घटकाची, कुठे सोलेनॉइडची. केबल तुटली किंवा मेणाचा घटक निकामी झाला की प्लग उत्तम असूनही थंड इंजिन धूर सोडत फडफडतं. केबल किंवा मेणाचा घटक असेल तर गार इंजिनवर आणि तापलेल्या इंजिनवर तिची लिव्हर वेगवेगळ्या जागी असायला हवी. तसंच ज्या इंजिनात टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) हाताने सेट करावे लागतात तिथे कमी पडलेली फट व्हॉल्व्ह नीट मिटू देत नाही आणि कॉम्प्रेशन खाली येतं. कॉम्प्रेशनचे आकडे थोडेच कमी दिसले असतील तर इंजिन उघडण्याआधी टॅपेट तपासा.

गाडी नीट सुरू होऊन पाच-दहा मिनिटांनी दम सोडत असेल आणि बाहेर तापमान शून्याच्या आसपास किंवा खाली असेल, तर डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबलाय. फिल्टरभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा, ज्योत लावू नका. गाडी गरम जागेत काही तास ठेवली की मेण विरघळतं. टाकीत पेट्रोल मिसळायची जुनी सवय मात्र कॉमन रेलवर पंप खाऊन टाकते, कारण त्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं. त्याऐवजी हिवाळी डिझेल भरा आणि फिल्टर थंडी सुरू होण्याआधी बदला.